रिकामा डबा

ओकीचोबी, फ्लोरिडा
१५ जानेवारी

प्रिय ईरा,

परवा फोनवर तू विचारलेस, की शेजारच्या आजोबांनी ज्या प्लास्टिकच्या डब्यातून मासे दिले, तो आजीने धुऊन लगेच परत का केला नाही, तीन दिवस ओट्यावर का ठेवला आणि शेवटी त्यात रव्याचे लाडू का भरले. तू स्वतः तो डबा घेऊन निघाली होतीस आणि आजीने तुला ट्रेलरच्या पायरीवरून मागे बोलावले, याचा तुला रागही आला होता. फोनवर घाईने काहीतरी सांगण्यापेक्षा नीट लिहावे असे मला वाटले. आजीचा गुडघा बरा होईपर्यंत मी इथेच आहे, आणि दुपारी आजी-आजोबा झोपले की ट्रेलर-घरांच्या या पार्कात अगदी सामसूम असते.

आपल्याकडे दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत करत नाहीत. मी तुझ्याएवढी असताना चिपळूणला शेजारून कधी फणसाचे गरे, कधी घावने, दिवाळीत फराळ येई, आणि ताटावर विणलेला रुमाल झाकलेला असे. आजी ते ताट धुऊन फडताळात निराळे ठेवी आणि आपल्या घरी काही गोडधोड झाले की त्यातून पाठवी. एकदा महिनाअखेरीस घरात खरोखरच काही नव्हते. तेव्हा तिने साखरेच्या डब्याचा तळ चमच्याने खरवडून जेमतेम चमचाभर साखर ताटात घातली. एवढीशी साखर कोणाला दिसणार, असे मी म्हटले, तर ती म्हणाली, "दिसो न दिसो, ताट रितं जाता कामा नये." मग मी ते ताट दोन्ही हातांनी धरून, साखर वाऱ्याने उडू नये म्हणून पाऊल मोजत, शेजारी पोचवले.

आता शेजारच्या आजोबांचे पाहा. ते ओहायोचे. नोव्हेंबरात येतात आणि बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये परततात. पेन्शनीत भागावे म्हणून त्यांनी स्वस्त भाड्याचे हे पार्क निवडले, आणि मुख्य म्हणजे तळे हाकेच्या अंतरावर आहे. ओकीचोबी तळे अफाट पसरलेले असले तरी त्याची सरासरी खोली जेमतेम ९ फूट आहे, आणि थंडीच्या दिवसांत तिथे क्रॅपी मासा, ज्याला इथले लोक स्पेक म्हणतात, भरपूर लागतो. १६ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, म्हणून तू त्यांच्या शेजारी निवांत गळ टाकून बसलीस. त्यांना मात्र दुसऱ्या राज्याचे म्हणून तो दर वर्षी विकत घ्यावा लागतो. एका माणसाला दिवसाला २५ स्पेक नेता येतात. सामायिक टेबलापाशी उभे राहून ते विजेच्या सुरीने बिनकाट्याच्या तुकड्या कशा काढत होते, ते तू डोळे विस्फारून पाहत होतीस. एवढे मासे ट्रेलरच्या इवल्याशा फ्रीजमध्ये मावत नाहीत, म्हणून ते ओळीतल्या सगळ्यांना वाटतात. लोण्याचा तो संपलेला डबा त्यांच्या लेखी फेकून देण्याचाच होता, आणि आजीलाही ते ठाऊक होते. तरीही, ज्यातून अन्न आले ते भांडे तसेच परत करणे तिच्याने होत नाही.

तीन दिवसांचे कारण थोडे वेगळे आहे. त्याच दिवशी लाडू पाठवले असते, तर ते किंमत चुकती केल्यासारखे झाले असते. देणाऱ्याला त्याचे दिल्याचे समाधान काही दिवस लाभू द्यावे, असे आजी मानते, आणि मलाही ते पटते. शिवाय दोन शेगड्यांच्या त्या ओट्यापाशी, दुखरा गुडघा घेऊन, बाबांनी मिशिगनहून आणलेला रवा भाजायला तिला वेळही हवाच होता. या चालीचा बायकांना त्रासही होतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पुढे आजीला नोकरी लागल्यावर भांडी साठत जात आणि ती त्यांच्याकडे पाहून कष्टी होई. म्हणूनच चमचाभर साखर पुरते, ही सोय मला या रीतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

काल संक्रांतीला डबा पुन्हा मासे घेऊन आला. आजीने तुकड्यांना आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून त्या तळल्या. शेजारचे आजोबा मक्याचे पीठ लावतात, तसे तिला अजून रुचत नाही. डबा आता ओट्यावर पालथा वाळतो आहे आणि तिळगूळ करायचा आहे.

५५ वर्षांपुढच्यांच्या या पार्कात मुलांना पाहुणे म्हणून थोडेच दिवस राहता येते, त्यामुळे हा डबा द्यायला तू नसशील. पण तिकडे आपल्या घरासमोरच्या काकूंनी नाताळाआधी लझान्या दिला होता, ते काचेचे भांडे अजून आपल्याच कपाटात, खालच्या खणात, पडून आहे. तिळाच्या वड्या फ्रीजवरच्या निळ्या डब्यात आहेत. बाबांना भांडे काढून द्यायला सांग, आणि वाटेवर बर्फ असेल तर त्यांचा हात धरून जा.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई