सहीपुरतं प्रशिक्षण

प्रश्न : मी पीएच.डी. करते. नव्या टीचिंग असिस्टंटना (प्राध्यापकांना शिकवण्या-तपासण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांना) सक्तीचा कोर्स असतो : दोन दिवस स्लाइड्स, शेवटी हजेरीची सही. यंदा विभागानं सुधारणा मागवल्यात. काय सुचवू?

उत्तर : आमच्या बी.एड.ला सूक्ष्मपाठ असत. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये निघालेली ही पद्धत. पाच-सहा मिनिटं, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, मग तोच पाठ पुन्हा. मी पहिल्या पाठात फळ्याशीच बोलत होतो, हे मागच्या बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा कळलं! असे सूक्ष्मपाठ आधी मागा. शिवाय एकाच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सगळ्यांना तपासायला द्या. दहापैकी कुणी चार देईल, कुणी आठ. मग गुण कशाचे द्यायचे यावर होऊ दे तासभर भांडण. आणि हो, प्रयोगशाळेत शिकवायला उभं राहणाऱ्यांची तुकडी वेगळी करा.