पहिल्या घराच्या डाउन पेमेंटसाठी वडिलांचं शेत विकावं का?

तुम्ही विचारलंय की दोघं नोकरी करता, पुण्यात पहिला फ्लॅट बघितलाय, डाउन पेमेंटला सहा-सात लाख कमी पडतायत आणि गावाकडे वडील अर्धा एकर विकून पैसे द्यायला तयार आहेत. ते घ्यावेत का, आणि नाही घेतले तर रक्कम उभी कशी करावी?

घेऊ नका. निदान या फ्लॅटसाठी तरी नको. हाच प्रश्न 2018 मध्ये माझ्यासमोर आला होता. मी नाही म्हणाले आणि त्याबद्दल आजही माहेरी ऐकून घेते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही मोशीत रिसेलचा टू बीएचके बघितला होता, 44 लाखांना. बँकेचा माणूस म्हणाला, 80 टक्के कर्ज होईल. म्हणजे आमचे आठ लाख ऐंशी हजार. एफडी, माझी आरडी आणि नवऱ्याचा बोनस धरून आमच्याकडे सात लाख नव्वद हजार होते. वाटलं, जमलंच की. एजंटला 51 हजार टोकन देऊन आलो.

मग एकेक आकडा बाहेर यायला लागला. मुद्रांक शुल्क तेव्हाच्या सहा टक्क्यांनी 2,64,000. नोंदणी फी 30 हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजार (यापेक्षा जास्त मागितली तर देऊ नका, तीच कमाल मर्यादा आहे). एजंटचा एक टक्का, 44 हजार. हे काहीच बँक कर्जात धरत नाही. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांवर जाता येत नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क मोजायचं नाही हाही तिचाच. त्यावर बँकेचा व्हॅल्युअर आला आणि त्यानं घराची किंमत लावली 42 लाख. कर्ज मिळतं ते कमी असलेल्या आकड्यावर. म्हणजे 33 लाख 60 हजार. बेरीज केली तर हातात चौदा लाख लागत होते. साठेखताला, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराला, पंचेचाळीस दिवसांची मुदत होती.

हे मी आईला फोनवर सांगत होते, ते अण्णांनी ऐकलं. माझं माहेर बार्शी तालुक्यात, तीन एकर रान. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णांचा फोन. "विहिरीकडचे तीस गुंठे काढून टाकतो. लेकीचं घर व्हतंय, तर रान काय डोक्यावर घिऊन जायचंय का?" गिऱ्हाईकही त्यांनी रात्रीतच बघून ठेवलं होतं. तो साडेपाच लाख म्हणत होता. निवांत विकलं असतं तर त्याच रानाला सात लाख सहज आले असते. पण गावात कुणाला घाई आहे ते लपत नाही, आणि ज्याला घाई त्याचा भाव पडतो.

मी त्या दिवशी हो म्हणाले होते. हे दादाला माहीत नाही, म्हणून इथे लिहितेय. हो म्हणाले, फोन ठेवला आणि डब्याची पोळी लाटताना डोक्यात आलं की तीस गुंठे म्हणजे विहीर. मोटार तिथे, पाइपलाइन तिथून निघते. ते गेले की उरलेलं सव्वादोन एकर जिरायत. आणि ते कसणार कोण, तर दादा. त्याचं घर त्या पाण्यावर चालतं. मी पुण्यात लिफ्टनं वर जाणार आणि वहिनी पावसाची वाट बघत बसणार, हे मला झेपलं नाही. दुपारी ऑफिसमधून फोन करून सांगितलं, अण्णा, नको. आम्ही थांबतो.

अण्णा दीड महिना माझ्याशी नीट बोलले नाहीत. दादा स्वतः फोन करून म्हणाला, "मी हो म्हटलं होतं ना? बोअर घेतलं असतं मी. बापानं पहिल्यांदा काहीतरी द्यायला हात पुढं केला आणि तू तो झिडकारलास. एवढा कसला ताठा गं?" टोकनातले 21 हजार गेले, 30 हजार परत मिळाले. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आमच्या शिवेला लागून दोघांनी बोअर मारले, दोन्हींतून फुफाटा निघाला. आमची विहीर एप्रिलपर्यंत तासभर का होईना, चालत होती. हे मी दादाला कधी बोलून दाखवलेलं नाही.

आम्ही दर महिन्याला पंचवीस हजारांची आरडी लावली. सव्वीस महिन्यांतले पाच हप्ते बुडाले, कारण लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचा पगार कापला. पाच लाख पंचवीस हजार जमले. नवऱ्याच्या पीएफमधून दोन लाख दहा हजार काढले. घरासाठी काढायला तेव्हा पाच वर्षांचं सभासदत्व लागायचं, अर्ज ऑनलाइन केला आणि पंधरा दिवसांत पैसे खात्यात आले. (ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ही अट बारा महिन्यांवर आणायचा आणि 25 टक्के शिल्लक ठेवायचा निर्णय घेतलाय, तेव्हा काढण्याआधी चालू नियम पोर्टलवर बघा.) डिसेंबर 2020 मध्ये त्याच भागात, मागच्या गल्लीत, 45 लाखांचा फ्लॅट घेतला. या वेळी टोकन द्यायच्या आधी बँकेचा व्हॅल्युअर नेला, किंमत पूर्ण लागली. सरकारनं 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली होती, त्यात एक लाख पस्तीस हजार वाचले. शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात जत्रा भरली होती. सगळं भरून साडेतीन लाख हातात उरले, आणि ते उरले म्हणून पुढच्या पगारकपातीत हप्ता चुकला नाही.

दादाचा हिशेब असा: दोन वर्षं थांबलीस, तेरा हजारांप्रमाणे साडेतीन लाख भाडं घातलंस. बरोबर, तीन लाख अडतीस हजार. पण 2018 मध्ये 33 लाख 60 हजारांचं कर्ज साडेआठ टक्क्यांच्या वर मिळत होतं. पहिल्या दोन वर्षांत नुसतं व्याजच पावणेसहा लाखांच्या आसपास गेलं असतं. भाडं पाण्यात जातं म्हणणारे लोक व्याज पाण्यात जातं असं कधी म्हणत नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये कर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळालं.

आता तुमच्या शेताचं. "अर्धा एकर विकतो" हे एका वाक्यात बोललं जातं, होत नाही. सातबाऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत? जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणीचा हक्क तुमच्याइतकाच आहे, 2005 पासून कायद्यानं आहे. तिची सही लागेल. ती सही मागायला जाताना तिला काय वाटतं हे आधी विचारा, सहीचा कागद नंतर काढा. लेकीनं सही करायची आणि लेकानं फ्लॅट घ्यायचा हे आमच्या भावकीत इतक्यांदा बघितलंय की त्याबद्दल मी मऊ बोलू शकत नाही. पुढे तुकडेबंदी: तुमच्या भागात जे प्रमाणभूत क्षेत्र ठरलंय त्याहून लहान तुकड्याचा दस्त होत नाही, तलाठ्याकडे चौकशी करा. मोजणी, संमती, दस्त, फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलणं) हे फ्लॅटवाल्याच्या पंचेचाळीस दिवसांत बसत नाही. आणि वडिलांकडे तेवढाच तुकडा उरला असेल तर अजिबात विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शेवटचा सातबारा गेला की तुमच्या मुलांना उद्या पैसे असूनही रान घेता येणार नाही.

पैसे उभे करण्याबद्दल थोडक्यात. आधी बँकेकडून मंजुरी आणि व्हॅल्युएशन, मग टोकन. किमतीच्या 20 टक्क्यांवर आणखी निदान नऊ टक्के धरून चला, आता पुण्यात मुद्रांक शुल्कच सात टक्के आहे. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सूट मिळते, दोघांच्या नावावर मिळत नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वर जीएसटी, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, रेरा कायद्यानं त्याला घेताच येत नाही. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरू नका. त्याचा हप्ता दिसला की बँक तेवढं गृहकर्ज कमी करते. सरकारी व्याज अनुदान डाउन पेमेंटमध्ये धरू नका. आम्हालाही ते तेव्हाच्या योजनेतून मिळालं, पण काही महिन्यांनी, आणि थेट कर्जखात्यात. सोनं मोडायचं असेल तर ते ज्याचं आहे त्यानं ठरवावं. मी माझ्या पाटल्या मोडल्या नाहीत आणि मला कुणी विचारलंही नाही, याबद्दल नवऱ्याचे आभार.

अण्णा 2023 मध्ये गेले. तेराव्याला पाहुणे उठल्यावर दादा परत म्हणाला, "त्यांचे पैसे तुझ्या घराला लागायला हवे होते, त्यांची इच्छा राहिली." मी काही बोलले नाही. पण वास्तुशांतीला अण्णा आले होते तेव्हा ज्वारीचं पोतं खांद्यावरून स्वतः वर घेऊन आले, लिफ्टमध्ये ठेवू दिलं नाही. ती ज्वारी त्याच तीस गुंठ्यांतली होती. मला विचाराल तर त्यांचं लागलं माझ्या घराला.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दादाचं एक म्हणणं मला खोडता येत नाही: मला सूट मिळाली, व्याज उतरलं, भाव दोन वर्षं थांबले, यातलं काहीही मला 2018 मध्ये माहीत नव्हतं. तुमच्या भागात भाव दरवर्षी पळत असतील तर थांबण्याचा हिशेब उलटा येऊ शकतो. तुमचं अर्धा एकर पडीक असेल, बांधावरचं असेल, कुणाचं पोट त्यावर नसेल आणि वडिलांनाच त्याचं ओझं झालं असेल, तर माझं उत्तर बदलतं. तेव्हा घ्या, फक्त बँकेतून घ्या. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर कर नाही, आणि खेड्यातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा करही लागत नाही, पण खरेदीखताची प्रत जपून ठेवा, बँक पैसा कुठून आला ते विचारते. व्यवहारातला काही भाग रोखीत द्या असं गिऱ्हाईक म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड वडिलांना लागू शकतो.

त्या अर्ध्या एकरात पाणी आहे का आणि सध्या ते कोण कसतं, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. ते लिहिलंत तर नीट सांगता येईल. टोकन देऊन बसला असाल तर आजच मुदत वाढवून घ्या, आणि ती लेखी घ्या.