फ्रेंच हॉर्न वाजवतो. ड्रम कोरच्या ब्रास ऑडिशनची तयारी कशी करू?

आधी वाद्याचं बघा. अमेरिकेतल्या ड्रम कोरमध्ये, म्हणजे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम वाजवत कवायत करणाऱ्या पथकांत, फ्रेंच हॉर्नवाले बहुधा मेलोफोनवर जातात. त्याची बेल (आवाज बाहेर पडणारं रुंद तोंड) समोर असते, माउथपीसही वेगळा. शाळेच्या बँडकडे एखादा पडून असेलच, आत्ताच मागून घ्या.

कोरच्या ऑडिशन पॅकेटमधले (तयारीसाठी दिलेल्या संगीताच्या संचातले) वॉर्म-अप सोपे दिसतात, तिथेच पोरं फसतात. अवघड जागा किती वेगात मारता यापेक्षा सूर स्वच्छ सुरू होतो का, शेवटपर्यंत स्थिर राहतो का, श्वास तालात घेता का, हे जास्त ऐकलं जातं. मेट्रोनोम ६० वर लावा: चार मात्रांत श्वास, आठ मात्रा एकच सूर. जमलं की तेच जागेवर पावलं टाकत. टाच टेकली की सूर डुचमळतो. खांदे सैल सोडा, हळूहळू हे डुचमळणं थांबतं. आणि सगळं तोंडपाठ, कागद न बघता!

ऑडिशनची शिबिरं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात, बऱ्याच ठिकाणी व्हिडिओही चालतो. थोडं धावायलाही लागा, कारण उन्हाळ्यात दिवसभर उन्हात तालीम असते. शिबिरात एखादी दुरुस्ती सांगितली, तर पुढच्याच वेळी ती तुमच्या वाजवण्यात दिसते का, यावर शिकवणाऱ्यांची बारीक नजर असते.