नव्या .२२ पिस्तुलाचे मॅगझिन नीट बसत नसेल तर

आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत. पिस्तुलासोबत आलेले मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, रिकामे असताना सहज बसते, पण पूर्ण भरल्यावर ‘टक्’ आवाज करत नाही; वेगळे विकत घेतलेले दुसरे मॅगझिन बसते खरे, पण दोन-तीन फैरींनंतर खाली घसरते; आणि बटण दाबल्यावर दोन्ही मॅगझिने आपोआप बाहेर न पडता ओढून काढावी लागतात. या तिन्हींचे मूळ एकच असेल असे धरून चालू नका. माझ्या मते पहिली तक्रार बहुधा दोषच नाही, दुसरी गंभीर आहे आणि तिसरीचे कारण कदाचित आपल्या लाकडी ग्रिपमध्ये, म्हणजे मुठीत, सापडेल.

तपासणी शक्यतो वरळीला नेमबाजीच्या रेंजवरच करावी, घरी नको; मुंबईच्या इमारतीत भिंतीपलीकडे नेहमी कुणीतरी राहत असते. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही रिकामे असल्याची खात्री करावी, जिवंत काडतुसे टेबलावरून पूर्णपणे हलवावीत आणि भरून पाहायचे तेव्हा केवळ डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसे, वापरावेत. दोन्ही मॅगझिनांच्या तळाशी रंगाने १ आणि २ असे आकडे घालावेत, नाहीतर थोड्याच वेळात कोणते कोणते हे कळेनासे होते.

आता पहिली तक्रार. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पुढे, म्हणजे बंद असताना भरलेले मॅगझिन आत सारले की सर्वांत वरचे काडतूस स्लाइडच्या खालच्या पृष्ठभागावर आपटते आणि मॅगझिन धरून ठेवणारा खटका मॅगझिनच्या खाचेत जाण्यासाठी काडतुसांची सगळी चळत किंचित खाली दबावी लागते. मॅगझिन क्षमतेइतके भरले असेल आणि स्प्रिंग नवी, ताठ असेल, तर दबायला जागाच फारशी उरत नाही. म्हणून तेच मॅगझिन आधी स्लाइड मागे अडकवून बसवून पाहा, मग स्लाइड बंद ठेवून एक राउंड कमी भरून पाहा. या दोन्ही वेळा ते निमूटपणे बसले, तर पिस्तूल आणि मॅगझिन दोन्ही ठीक आहेत असे समजावे. डमी राउंड भरत-काढत राहिल्यास स्प्रिंग हळूहळू मऊ होईल. शिवाय २५ मीटरच्या स्पर्धेत प्रत्येक मालिकेला ५ च काडतुसे भरायची असतात, त्यामुळे पूर्ण भरण्याचा हा त्रास आपल्याला प्रत्यक्षात क्वचितच भेडसावेल. मात्र तळहाताने खालून जोरात ठोसा मारून बसवण्याची सवय लावून घेऊ नका. त्याने वरच्या वळवलेल्या कडा, ज्यांना आपण लिप्स म्हणतो, फाकतात, आणि मग काडतूस चेंबरकडे ज्या कोनात जायला हवे तो बिघडतो.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असते, हेही भरताना ध्यानात ठेवावे. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे असायला हवी. ती मागे अडकली तर फॉलोअर, म्हणजे काडतुसे वर ढकलणारा आतला तुकडा, तिरका होतो, मॅगझिन भरल्यासारखे वाटते आणि दोष मात्र बसण्याला दिला जातो.

दुसऱ्या मॅगझिनची गोष्ट वेगळी आहे. पहिले मॅगझिन गोळीबारात जागेवर राहते, याचा अर्थ खटका आणि त्याची स्प्रिंग काम करीत आहेत; संशय मॅगझिनच्या खाचेवर जातो. तरीही बटण सावकाश दाबून सावकाश सोडून पाहावे, ते स्वतःहून पूर्ण परत यायला हवे. कारखान्यातले दाट ग्रीस खटक्याच्या खोबणीत साचले असेल तर ते अर्ध्यावरच थांबते. नंतर दोन्ही मॅगझिने शेजारी उभी धरून खाचेची उंची आणि रुंदी पाहा. जुना साठा विकताना जवळच्याच दुसऱ्या मॉडेलचे मॅगझिन माथी मारले जाणे अशक्य नाही. २००५ पूर्वी रॅपिड फायर, म्हणजे जलद गोळीबाराच्या, स्पर्धेत .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस चालत असे आणि त्या काळच्या पिस्तुलांची मॅगझिने वरवर पाहता ओळखीची वाटू शकतात.

घासणे नेमके कुठे होते हे पाहण्यासाठी काळ्या मार्करइतके स्वस्त आणि खरे बोलणारे साधन नाही. मॅगझिनच्या चारही बाजू आणि तळाच्या पट्टीची, म्हणजे तळपट्टीची, वरची कड काळी करा, शाई वाळू द्या, एकदाच सरळ आत घालून काढा आणि उजेडात तिरपे धरा. खाचेच्या वरच्या काठावर नखाएवढा चकचकीत ठिपका दिसला तर खटका खाचेत न शिरता काठावर टेकतो आहे. मधल्या भागात दोन्ही बाजूंना लांब रेघा असतील तर पत्रा फुगला आहे. व्हर्निअर या मोजपट्टीने वर, मध्ये आणि खाली रुंदी मोजली की ते लगेच कळते. तळपट्टीचीच शाई गेली असेल तर ती ग्रिपला लागते आहे.

आणि इथे तिसरी तक्रार येते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत अक्रोडाचे लाकूड फुगते, आणि तळहाताखालची सरकती पट्टी जरा वर घेतलेली असेल तर ती तळपट्टीला अडकते. पट्टी खाली घेऊन, आणि माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर ग्रिप उतरवून, मॅगझिन बाहेर येते का पाहा. काही पिस्तुलांत मॅगझिन हाताने ओढूनच काढायचे असते, तेव्हा पुस्तिका आधी वाचलेली बरी. मॅगझिन जिथे शिरते त्या पोकळीत, म्हणजे विहिरीत, खोबरेल सोडण्याचा घरगुती उपाय कृपया करू नये. तिथे तेलाचा पुसटसा थर पुरतो, जास्तीचे तेल धूळ आणि काडतुसातल्या दारूची काजळी धरून ठेवते.

कानस मात्र कशालाच लावू नका. खाच किंवा लिप्स घासल्यावर विक्रेता मॅगझिन बदलून देणार नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल देण्याचा विचारही सोडून द्यावा. दुसरे मॅगझिन मार्करच्या खुणा न पुसता, पहिल्यासोबत आणि पावतीसह विक्रेत्याकडे न्या. पिस्तूलही मागितले तर मूळ परवाना बरोबर असू द्या. बदली मॅगझिन हाती येईपर्यंत क्रमांक २ च्या मॅगझिनवर गोळीबार करू नये.