हत्यारे-अवजारे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाकडच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. पडद्यांचे रॉड, शेल्फ, टीव्हीचा स्टँड एवढीच कामे आहेत. बोहरी आळीत बिनब्रँडचे इम्पॅक्ट ड्रिल बॉश-मकिताच्या निम्म्या किमतीत मिळते. ते चालेल का?

उत्तर : आधी भिंत कशाची आहे ते बिल्डरला विचारा. तुमच्या भागातल्या बऱ्याच टॉवरमध्ये मिवान पद्धतीचे बांधकाम असते, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. विटेच्या भिंतीत वर्षाला दहा-वीस भोके पाडायला स्वस्त ड्रिल पुरेसे आहे. सिपोरेक्स (हलका, सच्छिद्र) ब्लॉक असेल तर ड्रिलचा हॅमर म्हणजे ठोका बंद ठेवूनच भोक पाडा, नाहीतर भोक सैल होते आणि फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) धरत नाही.

काँक्रीटमध्ये मात्र महागडे इम्पॅक्ट ड्रिलही अडते. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात, आणि तो ठोका तुमच्या हाताच्या दाबावरच अवलंबून असतो. बिट (भोक पाडणारी सळई) खडीवर आले की माणूस आणखी रेटतो, फेरे मंदावतात, पंख्याची हवा कमी पडते आणि आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) तापते. इथे एसडीएस-प्लस (खाचा असलेल्या दांडीच्या) बिटाचे रोटरी हॅमर हवे. त्यातला पिस्टन कोंडलेल्या हवेच्या जोरावर ठोका देतो. बिनब्रँडचे साधे रोटरी हॅमरसुद्धा या कामात नामांकित इम्पॅक्ट ड्रिलच्या पुढे जाते. चार-सहा भोकांपुरते ते भाड्याने आणा. आणि वाचलेले पैसे ६ व ८ मिमीच्या चांगल्या कार्बाइड बिटांवर खर्च करा. बोथट बिट असेल तर कुठलेच मशिन कामाचे नाही.

प्रश्न : भोसरीत ग्रिलचे वर्कशॉप आहे. चार इंची ग्राइंडर दिवसभर चालतो. स्वस्तातला घेऊन सारखा बदलत राहिलो तर हिशेब जुळेल?

उत्तर : नाही. खोक्यावरचे वॅट बहुधा मशिन किती वीज ओढते ते सांगतात. स्पिंडलवर (चकती बसते त्या दांड्यावर) किती ताकद पोचते ते नव्हे. ग्राइंडरचा पंखा लोखंडाची धूळ आत ओढतो. हलक्या बेअरिंगमध्ये ती शिरली की बेअरिंग ढिले होते, आर्मेचर फील्डला (मोटरच्या स्थिर भागाला) घासते आणि वाइंडिंग जळते. ब्रँडेड मशिनचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे झिजते ठोकळे), बेअरिंग, आर्मेचर सुटे मिळते. स्वस्ताचे कार्बनसुद्धा मापाचे मिळत नाहीत. तरीही घ्यायचाच असेल तर दुकानातच पाच मिनिटे रिकामा चालवा. कम्युटेटरवर (आर्मेचरवर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) बारीक निळी ठिणगी चालते, नारिंगी जाळाचे कडे दिसले तर परत ठेवा. मशिन बंद करून, प्लग काढून स्पिंडल हलवून बघा, ढिलेपणा नको. कार्बनच्या दोन जोड्या सोबतच घ्या आणि ५-६ मिमी उरले की बदला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : गार्ड काढून पाच इंची चकती लावू नका, लाकूड कापायचे दातेरी पातेही नको. चकतीवर छापलेला आरपीएम मशिनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा.

प्रश्न : स्वस्त कॉर्डलेस ड्रिलवर ‘४८ व्होल्ट’ लिहिले आहे. नामांकित कंपन्यांचे १८ व्होल्टचे असते. मग स्वस्त ताकदवान का?

उत्तर : लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल जोडले की १८, चार्ज झाल्यावर २१. खऱ्या ४८ व्होल्टला निदान तेरा सेल लागतील. १८६५० मापाचा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन ५८५ ग्रॅम. पॅक काढून वजनकाट्यावर ठेवा. त्याहून हलका भरला तर ‘४८’ नुसते लेबलवरचे.