साखर फक्त ऑडिटरसाठी?

प्रश्न : मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. वय ४६. स्वभाव सरळ, जे आहे ते तोंडावर. पण आयटीआयची नवी पोरं टिकत नाहीत, जुना ऑपरेटर कामापुरतं बोलतो, बारावीतली मुलगी हो-नाहीच्या पुढे जात नाही. बायको म्हणते, 'घर म्हणजे शॉप फ्लोअर नव्हे.' कस्टमरचं ऑडिट असलं की तेवढी जिभेवर साखर ठेवतो, तिथे इलाज नसतो. पण प्रत्येकासाठी वेगळं वागायचं म्हणजे ढोंगच ना?
– एक स्पष्टवक्ता

उत्तर : तुमच्या पत्रात मला ऑडिटचं वाक्य सगळ्यात बोलकं वाटलं. ऑडिटरने चूक काढली तर तुम्ही त्याच्यावर खेकसत नाही. 'बघतो सर, कारण शोधून कळवतो,' असंच काहीतरी म्हणत असाल. म्हणजे सूर बदलणं तुम्हाला छान जमतं, फक्त ते वरच्यांसाठी राखून ठेवलंय. पोरांच्या आणि लेकीच्या वाट्याला 'स्वभाव' येतो. लागेल हे, पण तुम्हाला स्पष्ट बोलणं आवडतं म्हणून लिहितेय.

ढोंगाची शंका मात्र रास्त आहे. प्रसंग बघून माणूस वागणं किती बदलतो, हे मोजायला मार्क स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये २५ विधानांची चाचणी मांडली. तीत कमी गुण मिळणाऱ्यांचं आत-बाहेर बरंचसं एक असतं, आणि तो काही दोष नव्हे. माणूस बघून मत फिरवलं तर ते ढोंग. तुम्हाला मत कुठे फिरवायचंय? रिजेक्ट जॉब, म्हणजे बाद ठरलेला सुटा भाग, रिजेक्टच राहणार.

नव्या पोराने मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, चुकीचा टाकला. 'किती वेळा सांगायचं?' याने त्याला काहीच कळत नाही, फक्त पुढची चूक तो लपवायला शिकतो. त्याच्या शेजारी उभे राहा, त्याच्याच हाताने पुन्हा टाकायला लावा, कुठे अडखळतो ते बघा. जुन्या ऑपरेटरला याच पद्धतीने शिकवायला गेलात तर तो दुखावेल. त्याला विचारायचं, 'जॉब फिरताना डगमगतोय, हा रनआउट का येत असेल, तुमचा काय अंदाज?' आणि मग खरंच थांबायचं, उत्तर आपणच द्यायचं नाही. माणूस त्या कामात किती तयार आहे हे बघून साहेबाने पद्धत बदलावी, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्येच मांडलंय. आणि कोणाचा हात फिरत्या चकजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ गेला, तर बिनधास्त ओरडा. तिथे गोड बोलणं हाच गुन्हा.

मुलीचं जरा अवघड आहे. घरात पाय टाकताच तुमचा पहिला प्रश्न मार्कांचा असतो का? माझा आपला अंदाज. काही दिवस तो विषय तिने काढल्याशिवाय काढू नका. क्लासला सोडायला जा, पण गाडीवर उपदेश नको. सुरुवातीला ती संशयानेच बघेल, 'बाबांना काय झालंय' म्हणेल. लगेच 'मी एवढा बदललो तरी...' सुरू केलंत, की संपलं.

बायकोच्या त्या वाक्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मात्र पत्रात नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.