घरासमोर मोबाईल टॉवर आणि मागे हायटेन्शन लाईन असेल तर घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरला मुरारच्या पुढे नवीन कॉलनीत मकान पसंत पडलंय, समोरच्या तिमजली बिल्डिंगच्या छतावर टॉवर आहे, मागच्या बाजूनं हायटेन्शन लाईन जाते, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि सासरे म्हणतायत नातीला रेडिएशनच्या मधोमध ठेवणार का. बयाना द्यायच्या आत उत्तर पाहिजे.

सरळ सांगतो. टॉवरसाठी मी हे घर सोडणार नाही. लाईनसाठी कदाचित सोडीन, पण सासरे म्हणतात त्या कारणानं नाही.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलाच, कंत्राटदाराकडे आरएफचं, म्हणजे मोबाईलच्या रेडिओ लहरींचं काम करतो. म्हणजे वर चढणाऱ्या पोरांना अँटेना किती अंशात वाकवायचा ते सांगायचं आणि मग गाडीत लॅपटॉप मांडून गल्ल्या फिरायच्या, सिग्नल कुठे पोचतो आणि कुठे मरतो ते बघत. आता हा कंपनीवाल्यांची बाजू घेणारच असं वाटलं तर वाटू द्या, खाली मोजून घ्यायचा रस्ता पण सांगतो, मग माझ्या शब्दावर काही ठेवायची गरजच नाही.

पहिलं म्हणजे टॉवर आणि लाईन या दोन गोष्टी एका पिशवीत टाकू नका. लाईनमधली वीज 50 हर्ट्झची, टॉवरच्या लहरी साधारण 70 कोटी हर्ट्झ आणि त्याच्या वर. लाईनभोवती जे असतं ते तिथेच तारेभोवती असतं, लांब गेलात की संपतं, टॉवरवरनं मात्र लहरी खरंच सुटून बाहेर जातात. पण दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ताकद कशातच नाही. ती ताकद अल्ट्राव्हायोलेटपासून पुढे सुरू होते, एक्स-रे वगैरे, आणि मोबाईलच्या लहरी त्याच्या साधारण दहा लाख पटीनं खाली आहेत. मोबाईलच्या लहरींनी शरीरात जे नक्की होतं असं माहीत आहे ते म्हणजे गरम होणं, आणि सगळ्या लिमिट त्यावरनं ठरलेल्या.

टॉवरचं बघू. आपल्याकडे दूरसंचार विभागानं 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय लिमिटच्या एक दशांश लिमिट लावली, 900 मेगाहर्ट्झला 0.45 वॅट प्रति चौरस मीटर, 1800 ला 0.9 च्या आसपास. रस्त्यावर, घराच्या गच्चीवर प्रत्यक्षात मिळतं ते बहुतेक ठिकाणी याच्याही खूप खाली असतं. कारण अँटेनाचा झोत उभ्या दिशेनं अगदी पातळ असतो, समोर आडवा जातो आणि किंचित खाली वाकवलेला असतो, जमिनीवर येऊन पडतो तो पन्नास-शंभर-दोनशे मीटर पुढे. टॉवरच्या बुडाशी म्हणजे दिव्याखाली अंधार. त्यामुळे ज्याच्या छतावर टॉवर आहे तो भाडं खातो आणि आपण रेडिएशन, असं जे मोहल्ल्यात म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, पण त्या खाण्यात पोट भरण्याइतकं काही नसतं.

तुमच्या बाबतीत मी फक्त एक बघीन. तुमचा वरचा मजला अँटेनाच्याच उंचीला आहे का, आणि अँटेनाचं तोंड सरळ तुमच्या खिडकीकडे आहे का. पांढरे उभे लांबट डबे दिसतात ना, ते अँटेना, तीन दिशांना तोंड करून लावलेले. गोल ढोल दिसतो तो वेगळा, तो दुसऱ्या टॉवरशी बोलतो, त्याचा झोत लोकांकडे नसतोच. डबा समोरासमोर आणि अंतर वीस-पंचवीस मीटर असेल तर मोजून घ्या. नसेल तर झोप नका घालवू.

मोजायचं कसं: सरकारचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, 2017 पासून. त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात, आणि साधारण 4000 रुपये भरले तर विभागाचे लोक मोजायला येतात, लिमिटच्या किती आहे ते लिहून देतात. लाखांचा सौदा करताय तर चार हजार काही जास्त नाहीत. ऑनलाईन मिळणारं हजार-दोन हजाराचं लाल दिवा लावणारं यंत्र मात्र घेऊ नका, ते वायफायजवळ पण ओरडतं, फ्रीजजवळ पण ओरडतं, आणि मग आई रात्रभर ओरडते.

आता उलटी गोष्ट. टॉवर लांब गेला की तुमच्या हातातला फोन जास्त जोर लावतो. फोन हा टॉवरकडे पोचण्याइतकीच ताकद वापरतो, टॉवर जवळ तर कमी, लांब तर फुल. आणि फोन कानाला चिकटलेला असतो, टॉवर पन्नास मीटरवर. म्हणजे मोहल्ल्यानं मोर्चा काढून टॉवर हटवला तर सगळ्यांच्या डोक्यात जाणाऱ्या लहरी वाढतात, हे मी लोकांना सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे असे बघतात की जसं काही मी टॉवरच खिशात घेऊन आलोय. फोनच्या मागे चिकटवायचे अँटी-रेडिएशन स्टिकर पण याच कारणानं फालतू, खरंच अडवत असतील तर फोन अजून जोर लावणार.

आपल्या शहराची ती केस तुमच्या सासऱ्यांनी सांगितलीच असेल, कारण ग्वाल्हेरमध्ये टॉवरचं नाव निघालं की कुणीतरी ती काढतंच. दाल बाजारात घरकाम करणाऱ्या एका माणसाला हॉजकिन्स लिम्फोमा हा कॅन्सर झाला, शेजारच्या छतावर 2002 पासून टॉवर होता, पन्नास मीटरच्या आत, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो टॉवर सात दिवसांत बंद करायला सांगितलं. खरी गोष्ट आहे, देशभर पेपरात आली. पण त्या आदेशानं एक टॉवर बंद झाला, टॉवरनं कॅन्सर होतो हे त्यातनं सिद्ध होत नाही, तसा पुरावा बघायचा तर हजारो माणसांचे अभ्यास बघावे लागतात. 2010 साली ब्रिटनमध्ये कॅन्सर झालेली जवळजवळ चौदाशे लहान मुलं आणि बाकी साडेपाच हजार मुलं घेऊन बघितलं, आई गरोदर असताना टॉवर किती जवळ होता, काही संबंध निघाला नाही. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा आला, फोन आणि ब्रेन कॅन्सरचा, त्यातही नाही. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मारलेला "शक्यता आहे" वाला शिक्का सगळे दाखवतात, 2बी गट, त्याच गटात अख्ख्या कोरफडीचा अर्क पण आहे. म्हणजे पूर्ण नाकारता येत नाही इतकंच. त्या माणसाचं दुःख यानं कमी होत नाही, पण तुमच्या घराचा निर्णय त्यावर नको.

लाईनकडे येतो, कारण तिथे थोडं जास्त बोलायला आहे. कॅन्सरच्या बाबतीत खरा धागा कुठे असेल तर तो इथेच आहे, टॉवरमध्ये नाही. 1979 साली अमेरिकेत डेनव्हरला पहिल्यांदा मुलांचा ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर आणि तारा यांचा संबंध दिसला, पुढे सगळे अभ्यास एकत्र केल्यावर असं निघालं की घरातलं चुंबकीय क्षेत्र सरासरी 0.3-0.4 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वर असेल तर धोका साधारण दुप्पट दिसतो. दुप्पट ऐकून घाबरू नका, मूळ आजारच फार दुर्मिळ आहे आणि हे कशामुळे होतं ते कुणाला दाखवता आलेलं नाही. इंग्लंडमध्ये 2005 ला असाच संबंध दिसला होता, पण 2014 ला तोच अभ्यास पुढे नेला तेव्हा दशकागणिक तो उतरत गेला आणि 2000 नंतर दिसेनासा झाला. तारा तर तिथेच होत्या! म्हणजे कारण दुसरंच काही असावं. तरी मुलीचा पलंग तारांपासून लांबच्या खोलीत टाकायला पैसे पडत नाहीत, टाका. पन्नास-शंभर मीटरच्या पुढे तर लाईनचं क्षेत्र कुठल्याही घरात असतं तेवढंच उरतं.

मग मी लाईनसाठी घर का सोडीन? अंतरासाठी. आपल्याकडे लाईननं माणसं मरतात ती शॉकनं मरतात. लोक छज्जा बाहेर काढतात, मग वर एक खोली चढवतात, मग तार हाताला येते, मग कुणीतरी लोखंडी सळई उभी करतं किंवा ओला बांबू, किंवा पोरगं पतंग काढायला जातं. इतक्या व्होल्टेजला हात लावावाच लागतो असं नाही, जवळ गेलात तरी वीज उडी मारते.

तर आधी लाईन कितीची आहे ते बघा. तार ज्या इन्सुलेटरच्या बशांवर टांगलेली असते त्या मोजा. 3 असतील तर 33 केव्ही म्हणजे 33 हजार व्होल्ट, 9-10 असतील तर 132, 13-14 असतील तर 220. नवीन लाईनवर एक लांब पॉलिमरचा दांडा असतो, मग मोजता येत नाही, टॉवरवरची पाटी वाचा. 132 केव्हीला नियमानं घराच्या वर 4.6 मीटर आणि बाजूला 2.9 मीटर मोकळं पाहिजे, 11 केव्हीला वर 3.7 आणि बाजूला 1.2. बाजूचं अंतर तार वाऱ्यानं झुलून सर्वात जवळ येते तिथून धरायचं. आणि मे महिन्यात दुपारी जाऊन बघा, अख्ख्या शहराचे कूलर चालू असतात, तारा तापून खाली येतात, जानेवारीत दिसलेलं अंतर तेव्हा नसतं. अंतर स्वतः टेप लावून मोजायला जाऊ नका बरं का, बिजली कंपनीला अर्ज द्या.

132 च्या लाईनखाली साधारण 27 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेतेरा. तुमचा प्लॉट त्यात येतो का, नकाशा पास आहे का, हे रजिस्ट्रीच्या आधी वकिलाकडून बघून घ्या. कॉलनी कापणारे त्या पट्ट्यातच प्लॉट पाडतात आणि नकाशात पार्क दाखवतात. पट्ट्यात असेल तर बयाना देऊ नका, कितीही स्वस्त असो, उद्या वर मजला चढवता येणार नाही आणि बँक पण कटकट करेल.

पट्ट्याच्या बाहेर असेल तर घ्या. एक रात्र समोरच्या टॉवरचा जनरेटर लाईट गेल्यावर किती आवाज करतो तेवढं ऐकून या, कॉलनीत राहून लोक वैतागतात ते त्यानंच. आणि टॉवर बघून बाकी गिऱ्हाईक परत जात असतील तर मालकाला ते माहीत आहे, भाव पाडून मागा.